तुम्ही विचारलंत म्हणून: बैठकीत वजन कसं येतं?

"ताई, तुम्ही बोलायला लागल्या की बाया शांत बसून ऐकतात. आमचं कोणी ऐकत नाही. हे वजन कसं येतं?" अमळनेर-पारोळ्याकडच्या बचत गटांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा नवी अध्यक्ष असते. जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारते आणि तेवढ्यात घंटा होते. म्हणून इथे जरा निवांत सांगते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. प्रशिक्षणात कधीतरी कोणी फळ्यावर आकडे लिहून देतं: बोलण्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. मग बाया आठवडाभर आरशासमोर उभ्या राहतात. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले आहेत. त्या प्रयोगांत एकेक शब्द ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढंच ओळखायला सांगितलं होतं. हे फक्त भावना ओळखण्यापुरतं आहे, असं पुढे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं. कर्जाचा हप्ता, व्याज, बियाण्याची खरेदी या गोष्टी चेहऱ्याने समजावता येत नाहीत. ताठ उभं राहा, आवाज खणखणीत ठेवा, त्यात वाईट काही नाही. पण वजन तिथून येत नाही.

माझ्या मते ते येतं, आपण समोर असल्याने दुसऱ्या बाईचं काय होतं हे कळायला लागलं की. आपण आलो की ती मोकळी होते की आवरून बसते? आणि हे आपलं आपल्याला दिसत नाही, तिथेच सगळी गोम आहे.

एका गटाची बैठक डोळ्यांसमोर आणा. अध्यक्ष हुशार, हिशेब चोख, पैशापैशाची नोंद. बचत जमा झाली, परतफेड लिहून झाली. शेवटी ती विचारते, "कोणाला काही बोलायचंय का?" विचारता विचारता पेनाला टोपण लावते, वही मिटते, पिशवीत घालते. कोणी बोलत नाही. मला भेटल्यावर ती म्हणाली, "ताई, आमच्या बाया बोलतच नाहीत. मी दर वेळी विचारते." मनापासून विचारायची ती, यात मला शंका नाही. पुढच्या बैठकीत मी मागे बसले होते. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होती, गटातली सगळ्यात जुनी सभासद, डोक्यावर एका रुपयाचं कर्ज नाही. बैठक संपल्यावर मी तिलाच बोलतं केलं. ती सरळ अध्यक्षबाईंना म्हणाली, "पोरी, तू इचारस आनि वही बंद करस."

एवढंच. स्वभाव बदलायला कोणी सांगितलं नाही. पुढच्या वेळी वही उघडी राहिली, पेन हातात राहिलं आणि विचारून झाल्यावर ती थांबली. ते थांबणं सोपं नसतं बरं का, घशाशी शब्द येतात. थोड्या वेळाने कोपऱ्यातून एक जण बोलली. कपाशीचा पैसा दिवाळीनंतर हाती येतो, हप्ता मात्र दर महिन्याला, त्यामुळे मधले महिने ती सावकाराकडून घेऊन गटाचं भरत होती. गटाचं कर्ज वेळेवर फिटत होतं, वहीत सगळं छान दिसत होतं, आणि बाई व्याजात बुडत होती. त्याच बैठकीत ठरलं, ज्यांचं पोट कपाशीवर आहे त्यांनी दिवाळीपर्यंत नुसतं व्याज भरावं, मुद्दल नंतर. त्या दिवसापासून त्या अध्यक्षबाई बोलायला लागल्या की बाया ऐकतात. मला विचाराल तर वजन म्हणजे हेच.

अभ्यासकांनाही असंच काहीसं सापडलंय. मानसशास्त्रज्ञ टाशा युरिक यांनी २०१८मध्ये मांडलं की आपण स्वतःला ओळखतो असं बहुतेकांना वाटतं, पण त्यांच्या कसोटीला उतरणारे जेमतेम १० ते १५ टक्के. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं. "मी अशी का आहे?" हे उगाळत बसलं की मन सोयीची कारणं शोधून देतं. त्यापेक्षा "काय घडलं, आता काय करू?" असं विचारावं. त्याच्याही आधी, १९५५मध्ये, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी, आपल्याबद्दलचं काय आपल्याला दिसतं आणि काय इतरांना, याची चार कप्प्यांची एक खिडकी काढून दाखवली होती. त्यातला एक कप्पा असा, की इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. मिटलेली वही त्याच कप्प्यात होती. तो उघडायला दुसरं माणूसच लागतं.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं तर साने गुरुजी आहेत. १९२४ला ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, पुढे छात्रालय सांभाळलं. मुलांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं आवरणं, भांडी घासणं ते स्वतः करत, मुलांसाठी हाताने दैनिक लिहीत. स्वभाव संकोची, डोळे पटकन भरून येणारे, दरारा म्हणतात तसलं काही नाही. तरी मुलं त्यांच्या शब्दाखातर काहीही करत. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्याय. ते सगळं त्याच तुरुंगात असलेल्या गुरुजींनी बोलणं चालू असताना लिहून घेतलं, म्हणून ती प्रवचनं आज आपल्या हाती आहेत. इतकं नीट ऐकणारा माणूस समोर असला की बोलणाऱ्यालाही बळ येत असेल, असं मला नेहमी वाटतं.

बारीक गोष्टी पुष्कळ आहेत, एक-दोन सांगते. सगळ्या सतरंजीवर गोल बसल्या असतील तर खुर्ची घेऊ नका, कोणी आग्रहाने आणून दिली तरी. आणि एकाच गटात सासू-सून असतील तर सुनेचं मत सर्वांदेखत विचारू नका. ती पदर सावरून "आत्याबाई म्हणतील तसं" म्हणणार, आणि तिचं खरं मत त्या दिवसापुरतं गेलंच. आदल्या दिवशी पाण्याच्या नळावर, शेताच्या वाटेवर विचारा. हे ज्या अध्यक्षबाईंना कळतं, त्यांना आवाज चढवायची वेळ फारशी येत नाही.

आता प्रश्न उरतो, आपलं खरं आपल्याला सांगणार कोण? जाऊबाई नको, घरचं राजकारण मध्ये येतं. जिचा कर्जाचा अर्ज तुमच्या सहीसाठी पडलाय तीही नको, ती गोडच बोलणार. अध्यक्षपद जितकं मुरतं तितकी खरं बोलणारी माणसं कमी होत जातात, म्हणून ही सोय पहिल्याच वर्षी करून ठेवा. जिला तुमच्याकडून काही घ्यायचं नाही, अशी एक बाई बघा. "मी कशी वाटले?" असं तिला विचारू नका, "छान" म्हणून मोकळी होईल. बैठकीआधी एकच काम सांगा: मी कोणाचं बोलणं मध्येच तोडते का तेवढं बघ. पुढच्या वेळी दुसरं काम. ती सांगेल तेव्हा खुलासा देत बसू नका, नाहीतर ती पुन्हा सांगणार नाही. अशी बाई गावात नसेलच तर शेजारच्या गावच्या गटातली बोलवा, आणि तिचं येण्याजाण्याचं एसटीचं भाडं तुम्ही द्या.