जोडी, पोर्ट, फ्लॅट : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात ६३ वह्या आहेत. एका सोसायटीची एक वही, आणि प्रत्येक पानावर तीन रकाने: जोडी, पोर्ट, फ्लॅट. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या सोसायट्यांना इंटरकॉम बसवायच्या धंद्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, माहितीपत्रकात 'आमची वाटचाल' म्हणून एक पान हवं. काय छापायचं?" मी म्हटलं, वह्यांचा फोटो छाप. त्याने फोटो काढला आणि खालचा मजकूर माझ्या गळ्यात मारला.

मी औंधच्या आयटीआयचा, इलेक्ट्रॉनिक्सचा. १९९४ ला बाहेर पडलो आणि ऑफिसांना ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना जोडणारं मशीन, बसवणाऱ्या एका कंपनीत पाच वर्षं वायरी ओढल्या. चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ होते, तो काळ. ऑगस्ट १९९९ मध्ये स्वतःचं सुरू केलं. भांडवल म्हणजे तपकीर गल्लीतून घेतलेलं ड्रिल, वायर पट्टीत दाबून बसवायचं क्रोनचं पंचिंग टूल, मल्टिमीटर, टेस्ट फोन आणि सासऱ्यांची एम-८० दुचाकी. हिशेब बायकोकडे. तो आजही तिच्याकडेच आहे, म्हणून धंदा आहे.

पहिली दोन वर्षं डॉक्टरांचे दवाखाने आणि वकिलांची ऑफिसं केली. सोसायटीचं पहिलं काम २००१ मध्ये सिंहगड रोडला मिळालं. तळमजला धरून ३२ फ्लॅट. तोवर तिथला वॉचमन पार्किंगमध्ये उभा राहून वर तोंड करून ओरडायचा. सातव्या मजल्यावरच्या काकूंना वाटायचं आपल्यालाच बोलावतोय, आणि त्या रोज तीन-चारदा गॅलरीत यायच्या.

काम बघायला सोपं. पार्किंगमध्ये ईपीएबीएक्सचं मशीन, तिथून डक्टमधून वर केबल, प्रत्येक घरात दोन वायरींची एक जोडी आणि जोडीच्या टोकाला साधा फोन. फोन ठेवलेला असताना जोडीवर मशीनप्रमाणे २४ ते ४८ व्होल्ट डीसी असतात. बेल वाजते तेव्हा त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतात. पावसाळ्यात घामेजल्या हाताने पंचिंग करताना त्याच घरी कोणी फोन लावला, तर हा फरक मीटर न लावता कळतो.

खरी गोची नंबरांची झाली. मशीन आपलं २०१ पासून ओळीने नंबर देतं. रहिवाशांना मात्र फ्लॅटचाच नंबर हवा, आणि ते बरोबरच आहे. सातशे तीनला फोन करायला कोणी तक्ता बघत बसणार नाही. म्हणून एकेका पोर्टला, म्हणजे मशीनवर जोडी लावायच्या जागेला, फ्लॅटचा नंबर नेमून द्यायचा. मजले झाले, तळमजला उरला. तिथले फ्लॅट होते १, २, ३, ४. पहिल्याला '१' दिला, तर १०१ कोणाला लावताच येईना. १ दाबल्या दाबल्या मशीन तळमजल्याची बेल वाजवून मोकळं. ००१ द्यावा तर शून्य बाहेरच्या लाइनला दिलेलं. ९ वॉचमनला. शेवटी इमारत सात मजल्यांची असल्यामुळे ८०१ ते ८०४ रिकामे होते, ते दिले. तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ पुढे वर्षानुवर्षं सांगायचे, "आम्ही आठव्या मजल्यावर राहतो, जिना नाही."

त्या रात्री घरी येऊन पहिली वही घातली. आज विचाराल तर आमच्या धंद्यात वायर हा सोपा भाग आहे. कुठली जोडी कुठल्या पोर्टला, कुठला पोर्ट कोणाच्या घरी, आणि त्या घरात आज कोण राहतं, ही यादी खरी ठेवणं हे काम आहे. त्याचे पैसे मागायला मात्र आम्ही पंधरा वर्षं लाजलो.

वही नसती तर २००४ चा घोळ सुटला नसता. नवीन इमारत, मजल्याला चार फ्लॅट, वीस जोड्यांची केबल. टेलिफोन केबलचे रंग ठरलेले असतात: पांढऱ्याबरोबर निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, करडी, मग त्याच पाच लालबरोबर, मग काळीबरोबर, मग पिवळीबरोबर. खाली मशीनपाशी मी पंचिंग केलं, वर मजल्यांवर एका नव्या मुलाने. चालू केलं तर १०३ ची बेल १०४ मध्ये, २०४ ची ३०१ मध्ये, ४०१ ची ४०२ मध्ये, ५०२ ची ५०३ मध्ये, आणि उलटही. बाकी सगळे ठीक. दोन दिवस मशीनलाच शिव्या घातल्या. मग वही उघडून चुकलेल्या जोड्यांवर गोल केले: ३ आणि ४, ८ आणि ९, १३ आणि १४, १८ आणि १९. प्रत्येक पाचातली तिसरी आणि चौथी. म्हणजे हिरवी आणि तपकिरी. पोराला समोर बसवून दोन तुकडे दाखवले. तो दोन्हीकडे बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एकसारखंच दिसतंय." त्याला स्वतःलाही तोवर माहीत नव्हतं. काढून टाकायचा प्रश्नच नव्हता. त्याला प्रोग्रॅमिंगला बसवला. पुढे तो इतका तयार झाला, की आता दुबईत आमच्यासारखंच काम करतो. पण तेव्हापासून नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी चहाच्या आधी हिरवी आणि तपकिरी वायर.

गेट उघडणारा फोन आमच्याकडे आला २००९ मध्ये. कोथरूडमधली पुनर्विकास झालेली १६ फ्लॅटची इमारत. दिवसाचा वॉचमन परवडत नाही, निम्म्या घरांत आजी-आजोबा एकटे, मुलं अमेरिकेत. दर वेळी खाली उतरून गेट उघडणं जमेना. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "दादा, खालच्या माणसाशी वरून बोलता आलं पाहिजे आणि पटलं तरच गेट उघडलं पाहिजे. एवढंच हवंय." या 'एवढंच'पायी माझी एक अख्खी दिवाळी गेली.

गेटवर बटणांची पेटी बसवायची. मशीनच्या दृष्टीने ती पेटीही एक एक्स्टेन्शनच. पाहुणा फ्लॅट नंबर दाबतो, वर बेल वाजते, बोलणं होतं आणि वरचा माणूस आपल्या फोनवर ५ दाबतो. ५ दाबल्यावर ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम जातात, मशीन ते ओळखतं आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, तीन सेकंद ओढतो. तेवढा वेळ चुंबकी कुलपाचा पुरवठा तुटतो आणि गेट ढकललं की उघडतं.

आम्ही ६०० पौंडांचं कुलूप लावलं, म्हणजे साधारण २७० किलोची ओढ. १२ व्होल्टवर ते अर्धा अँपिअर खातं. वीज गेली की चुंबक मेलं आणि गेट मोकळं, म्हणून ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी. कागदावर चौदा तास, प्रत्यक्षात नवी असताना नऊ-दहा, दोन वर्षांनी चार. कमिटीतल्या एका सदस्यांना वीज गेल्यावर उघडणारं कुलूपच नको होतं. "चोर मेन स्विच पाडेल!" त्यांना मी जिन्यात नेऊन उभं केलं आणि विचारलं, आग लागली, वीज गेली, तर सोळा घरं बाहेर कशी पडणार? आतून बाहेर जायचं बटणसुद्धा आम्ही मशीनच्या भरवशावर ठेवत नाही. ते थेट कुलपाच्या पुरवठ्यात असतं. दाबलं की वायरच तुटते. बाहेर पडायला प्रोग्रॅमिंग लागता कामा नये, यावर आम्ही दोन कामं सोडली आहेत.

चालू झालं, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची तक्रार आली. बेल वाजते, बोलणं होतं, पण ५ दाबलं की गेट उघडत नाही. मी गेलो, माझ्या फोनवरून उघडलं. मी निघालो की बंद. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी आजी म्हणाल्या, "तू तुझं यंत्र आणतोस आणि त्यावरून दाबतोस. माझ्या फोनवरून दाबून बघ की." दाबलं. कानात सुराऐवजी टक-टक-टक-टक-टक, पाच टिचक्या. फोन उलटा केला. खाली पी आणि टी असं लिहिलेलं बारकं बटण, ते पी वर. म्हणजे पल्स, जुन्या तबकडीच्या फोनसारखं. फोन लावायला मशीनला पल्स चालतं, म्हणून बाकी सगळं सुरळीत. रिले मात्र सुराचीच वाट बघत बसलेला. बटण टी वर सरकवलं, गेट उघडलं. आजींनी मला लाडू दिला आणि वर, "पहिल्याच दिवशी विचारलं असतंस तर," हेही दिलं.

पुढे लोकांना घरी नसतानाही गेटचा फोन हवा झाला, म्हणून सोसायटीच्या लँडलाइनवरून तो मोबाइलला वळवायला लागलो. यादी आता तीन रकान्यांची राहिली नाही. प्रत्येक फ्लॅटचे दोन मोबाइल, पहिला न उचलला तर दुसरा. भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलणार, आणि आम्हाला कोणी कळवणार नाही. जुन्या भाडेकरूचा एकदा नागपूरहून फोन आला, "तुमच्या पुण्यातल्या गेटवर कुरियरवाला उभा आहे, मी काय करू?" मी म्हटलं, आवडत असेल तर ५ दाबा.

लॉकडाउनमध्ये मार्च २०२० पासून हेच गेटचे फोन सगळ्यांना आठवले. वर कोणाला सोडायचं नाही, पार्सल गेटवर. वर्षानुवर्षं सोफ्यामागे पडलेले फोन लोकांनी पुसून बाहेर काढले. आम्ही अत्यावश्यक सेवेत बसत नव्हतो, त्यामुळे अर्ध्या दुरुस्त्या फोनवरून केल्या. वहीत बघून "डावीकडून सहावी, लाल-निळी जोडी" असं सांगायचं आणि पलीकडे कोणीतरी इंजिनिअर रहिवासी स्क्रूड्रायव्हर घेऊन. आयटीतली माणसं पंचिंग बरं करतात, हे तेव्हा कळलं.

पण खरी परीक्षा झाली १५ जानेवारी २०२१ ला. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. बायको म्हणते आज नवीन काम काढू नये. आम्ही काढलं नव्हतं. सकाळी साडेआठला पहिला फोन, दहापर्यंत सात सोसायट्या. गेटवरून कोणाच्याच मोबाइलला फोन लागत नाही. एका ठिकाणच्या वॉचमनने धागा दिला: "सगळे बंद नाहीत साहेब, भाडेकरूंचे लागतात." सगळ्या भाडेकरूंचेही नव्हते. बंगळूर-हैदराबादहून आलेल्या, तिकडचंच सिम ठेवलेल्या पोरांचे तेवढे लागत होते. यादी काढली आणि डोक्यात प्रकाश पडला. परराज्यातल्या मोबाइलला लँडलाइनवरून आधी शून्य लावावं लागायचं, म्हणून त्यांच्या नंबरांपुढे आम्ही शून्य भरलं होतं. इथल्यांना लागत नव्हतं, म्हणून नव्हतं भरलं. आणि त्याच दिवसापासून देशभर लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला शून्य लावून फिरवायचा नियम सुरू झाला होता. पेपरात आलं होतं. मी वाचलंही होतं. पेपर वाचताना आपल्या मशीनलाही पेपर वाचून दाखवावा लागतो, हे सुचलं नव्हतं.

पहिल्या सोसायटीत भाच्याने आणि मी ५६ फ्लॅटपैकी चाळीस हाताने बदलले, प्रत्येकाचे दोन नंबर. मग त्याला पुस्तिकेत एक आज्ञा सापडली. बाहेरच्या लाइनवर जाणाऱ्या मोबाइल नंबरापुढे मशीन आपोआप शून्य लावेल. मी खूश. दिली आज्ञा. दहा मिनिटांत उरलेले सोळा लागायला लागले आणि आम्ही घाम गाळून भरलेले चाळीस बंद पडले, बंगळूरच्या पोरांसकट. दोन शून्यं झाली होती. दोन शून्यं म्हणजे परदेश, आणि परदेशचे कॉल सोसायटीने बंद ठेवलेले. चाळीस फ्लॅटची शून्यं परत काढली. त्या दिवशी रात्री एक वाजता गुळपोळी खाल्ली.

नुकसानीच्या गोष्टीही आहेत. एका जुन्या सोसायटीत वळवाच्या पावसात वीज पडली आणि आठ पोर्टचं कार्ड जळलं. बदललं, पुढच्या मे महिन्यात पुन्हा जळलं. अर्थिंगची वायर मी स्वतः पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधली होती. तेव्हा ती पद्धत होती, आज मी करणार नाही. मधल्या काळात सोसायटीने पाइप प्लॅस्टिकचे केले होते. वायर तशीच, छान घट्ट, प्लॅस्टिकला बांधलेली. कमिटी अर्धे पैसे द्यायला तयार होती, मी घेतले नाहीत. आता वार्षिक देखभालीच्या भेटीत पहिलं काम अर्थिंग मोजणं. दुसऱ्या एका मोठ्या संकुलाने मात्र आमचे पैसे अकरा महिने अडकवले, कारण कमिटी बदलली आणि नव्यांना जुन्यांचं काहीच मान्य नव्हतं. शेवटी मिळाले ते व्याजाशिवाय आणि दोन चेकनी.

गेटवरच्या पाहुण्याला मोबाइलवरून आत सोडायची ॲप आल्यावर आमचे करार कमी झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१८ नंतर तीन वर्षांत चौदा सोसायट्या गेल्या. त्यातल्या पाच परत आल्या आहेत, ॲप आणि फोन दोन्ही ठेवतात. ऐंशीच्या पुढच्या माणसाला बेल वाजणारा फोन कळतो. आम्हीही बदललो. लँडलाइन काढलेल्या ठिकाणी सिमवर चालणारी पेटी देतो, नवीन इमारतींत नेटवर्कच्या वायरवर चालणारे फोन. सिमच्या पेटीचा आजार वेगळा: रिचार्ज संपला की गेट मुकं होतं आणि सगळे आम्हाला विचारतात वायर कुठे तुटली. म्हणून रिचार्जच्या तारखांची वेगळी वही आहे, ती बायको बघते.

आणि हो, यादी बदलायचे आता पैसे घेतो. फ्लॅटमागे वर्षाला दीडशे रुपये, कितीही वेळा बदला.

सध्या बाणेरला २१२ फ्लॅटचं काम चालू आहे. यादी व्हॉट्सॲपवर आली, कागदाचा तिरका फोटो. भाचा भरायला बसला आणि अडला. १३०४ दोनदा, १३०५ गायब. सेक्रेटरी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दोन्ही एकाच कुटुंबाचे आहेत, मधली भिंत पाडून जोडून घेतलेत." मग बेल कुठे वाजवायची, हॉलमध्ये, की पलीकडे सासूबाई राहतात तिकडे, की दोन्हीकडे? त्या म्हणाल्या, "घरात विचारून सांगते." त्याला आज आठ दिवस झाले. वहीत त्या ओळीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.