जबड्यातली पोकळी आणि माझंच रक्त

खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनॉल फार जुनं. दुखत काहीच नव्हतं, फक्त हिरडीवर बाहेरून बोटाला फुगवटा लागायचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढायला लावला, तर मुळाखाली हाडात काळी पोकळी! ती सिस्ट, म्हणजे पाण्यानं भरलेली गाठ. मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, कारण खालच्या ओठाला संवेदना देणारी नस गाठीपासून किती लांब आहे ते बघायचं होतं.

सर्जन म्हणाले, दाढ काढून सिस्ट सोलून घेऊ आणि पोकळीत पीआरएफ भरू. मला वाटलं, बाहेरचं काही महागडं औषध असणार. "न्हाई ओ, तुमचंच रक्त," म्हणाले.

रक्त नेहमीसारखंच हाताच्या शिरेतून काढलं, पण नळ्यांत ते गोठू नये म्हणून घालतात ते औषध नव्हतं. त्यामुळे सिस्टर नळ्या घेऊन अक्षरशः पळाल्या. उशीर झाला तर रक्त आधीच गोठतं. यंत्रात मिनिटाला २७०० फेऱ्यांनी १२ मिनिटं फिरवलं. खाली लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे जेलीसारखा गोळा. तो गोळा म्हणजेच पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन): फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांची जाळी. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तिच्यात अडकलेल्या असतात. त्यांच्यातून जखम भरायला मदत करणारी द्रव्यं हळूहळू, आठवडाभर तरी पाझरत राहतात. फ्रान्समधल्या शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली.

ह्यानं हाड उगवतं असं समजून कुणी जाऊ नये. हाड आपलं शरीरच भरतं, आणि त्याला महिने लागतात. सर्जननी स्पष्ट सांगितलं, सुरुवातीच्या काळात हिरडी आणि हाड दोन्ही लवकर भरल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण पुढे जाऊन फरक राहतोच असं नाही. विकतच्या हाडाच्या भुकटीपेक्षा खर्च कमी आणि रक्त आपलंच, म्हणून मी हो म्हटलं.

मला खरी धाकधूक होती ती बायोप्सीची. सिस्ट कुठल्या जातीची आहे ते तिच्यातूनच कळतं. केराटोसिस्ट निघाली तर ती परत येण्याची भीती जास्त. रिपोर्ट साध्या रॅडिक्युलर, म्हणजे मेलेल्या दाताच्या मुळाशी होणाऱ्या सिस्टचा आला, तेव्हा कुठं आईनं देवापुढं साखर ठेवली.

घरी आल्यावर स्ट्रॉ नाही, जोरात थुंकायचं नाही, कारण ओढ बसून गुठळी हलू शकते. बाहेर बाकावर माव्याची पुडी चोळत बसलेल्या एका दादांना सिस्टरनी तिथंच झापलं. तंबाखू खाल्ली तर जखम लवकर भरत नाही, मग पीआरएफ घाला नाहीतर सोनं! मिसळीचं नाव काढायचं नव्हतं. पांढरा रस्सा मागितला तर आई म्हणाली, "त्यात मिरं असतंय." मग कोमट अळणी (मटणाचं बिनतिखटाचं पाणी), मऊ भात आणि आंबील.

ओठ बधिर होता, तो सावकाश जागा झाला. नंतरच्या एक्स-रेत काळ्या पोकळीच्या कडा करड्या दिसायला लागल्यात. इम्प्लांटचं विचारलं, तर "हाड पुरतं भरू दे, मग बघू" म्हणाले.