दुखत नाही म्हणून

इथल्या दवाखान्यात एका बाईंनी माझा पाय हातात घेतला आणि मी तो झटकन मागे ओढला. बाई साठीच्या, केस पांढरेशुभ्र. औशाकडच्या आमच्या गावात वडीलधाऱ्या माणसाला चुकून पाय लागला, तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. आणि इथं त्या खाली बुटक्या स्टुलावर, मी वर खुर्चीत, माझी भेगाळलेली टाच त्यांच्या तळहातावर. मी पार अवघडून गेले. त्यांनी मात्र अंगठ्याने टाचेचा तळ दाबत विचारलं, "सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ येते आणि थोडं चाललं की कमी होते, असंच ना?" चार महिने अगदी असंच चाललं होतं.

आम्ही राहतो ते इप्सविच, लंडनहून रेल्वेने साधारण सव्वा तासावर. त्या बाई पोडियाट्रिस्ट, म्हणजे दातांचा डॉक्टर असतो तशा पायांच्या तज्ज्ञ. इंग्लंडमध्ये त्यासाठी वेगळी पदवी असते आणि नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही. कुरूप, रुतलेलं नख, टाचदुखी इथपासून मधुमेह्याच्या जखमेपर्यंत सगळं त्या बघतात.

माझ्या टाचेचं निदान पाच मिनिटांत झालं. टाचेपासून बोटांकडे तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. तो ताणला गेला की ही कळ येते. उपाय साधे होते, पण त्यांना वेळ द्यावा लागतो: भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, रोज दोन-तीनदा. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. घरात कडक फरशीवर अनवाणी चालायचं नाही. बऱ्याच जणांचं दुखणं काही महिन्यांत ओसरतं, क्वचित वर्षही लागतं. हे ऐकताना मला आमच्या घरातली शहाबादी फरशी आठवली. माय पहाटेपासून तिच्यावर अनवाणी उभी असते आणि "टाचा बोलायल्यात" म्हणत टाचेला तेल चोळते. तिलाही हाच ताण शिकवला. तिची सकाळची कळ पुष्कळ कमी झाली आहे.

पण आज लिहायला बसले ते टाचेसाठी नाही. उठता उठता बाईंनी विचारलं, "घरात कुणाला मधुमेह?"

अण्णांना. चौदा वर्षं झाली.

"त्यांचे तळवे शेवटचे कुणी पाहिले?"

मला उत्तर देता आलं नाही. अण्णांच्या पाया आम्ही दिवाळीला पडतो, परदेशी निघताना पडतो, पायांवर डोकं टेकवतो. त्यांचा तळवा मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्याच काय, कुणाच्याच मनात ते कधी आलं नव्हतं. शुगर तपासायची म्हणजे बोट टोचायचं आणि गोळ्या बदलायच्या, एवढंच आम्हाला माहीत.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. रक्तातली साखर बरीच वर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात, आणि लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायांपासून होते. आधी मुंग्या, रात्री तळव्यांची आग. मग हळूहळू बधिरपणा. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं. याच्या जोडीला पायाकडच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की जखम भरायला रक्तही पुरेसं पोचत नाही. इथं मधुमेह असलेल्या प्रत्येकाचे पाय वर्षातून एकदा तरी तपासतात. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात आणि माणसाला तो कळतो का ते पाहतात. पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी हाताने चाचपतात. पाच-दहा मिनिटांचं काम.

धागा नसेल तर घरी करता येईल अशी एक तपासणी त्यांनी दाखवली. ती याच गावच्या इस्पितळात तयार झाली, म्हणून तिला इप्सविचचंच नाव आहे. माणसाने डोळे मिटून झोपायचं. दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, अशा सहा टोकांना एकेक करून आपल्या बोटाने अलगद स्पर्श करायचा, सेकंद-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चोळायचं नाही, त्याच बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. स्पर्श कळला की त्याने डावा का उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली असं धरून डॉक्टरकडे जायचं. सगळं कळलं तरी वर्षाची तपासणी सोडायची नाही.

त्याच रविवारी मी व्हिडिओ कॉलवर दादाला हे करायला लावलं. अण्णा ओसरीवर सतरंजीवर आडवे झाले, डोळे मिटले. दादाने एकेक बोटाला हात लावला. अण्णा दोनदा बोलले. बाकी चार वेळा दादाचं बोट त्यांच्या बोटावर आणि अण्णा विचारतात, "कर की सुरू, कशाची वाट बघायलास?" दादाने माझ्याकडं पाहिलं. फोन हलायला लागला होता.

मग मी म्हटलं, तळवा दाखव.

डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली जाड पिवळट घट्टा होता आणि त्याच्या मधोमध काळा ठिपका. कडेला थोडं ओलसर. तूर काढल्यावर रानात राहिलेलं धसकट चपलेतून आरपार गेलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. अण्णांनी ते उपसून काढलं, वर बिब्ब्याचा चटका दिला आणि पाणी द्यायला निघून गेले. "दुखतच नाही की," ते म्हणाले. "दुखलं असतं तर गेलो असतो दवाखान्यात."

या वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. आपल्या भागातली माणसं सोशिक आहेत. ऊन, बाभळीचा काटा, अनवाणी चाल, कशाची तक्रार नाही. दवाखाना लांब, एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आपण दुखण्याच्या मापाने ठरवतो: लई दुखलं तर जायचं. माझी टाच जीव नकोसा करत होती आणि तिच्यात धोका काहीच नव्हता. अण्णांचं बोट गप्प होतं आणि त्यांचा पाय आतून सडत होता.

पहिल्या डॉक्टरांनी वरून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी या म्हणाले. घट्टा खरवडून खाली काय आहे ते पाहिलंच नाही. चौथ्या दिवशी पाऊल लाल झालं, ताप चढला, तेव्हा दादाने गाडी केली आणि लातूरला सर्जनकडे नेलं. घट्ट्याखाली पू होता, तो हाडापर्यंत पोचला होता. बोट काढावं लागलं. पाय वाचला. इथं मधुमेह्याच्या पायाला नवी जखम दिसली की एका कामकाजाच्या दिवसात तिला तज्ज्ञांकडे पाठवायचं, असा दंडक आहे. तो इतका कडक का, हे मला त्या चार दिवसांनी शिकवलं.

नंतरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे अण्णांना चालू न देणं. ज्याला दुखत नाही त्याला "पाय टेकू नका" कसं पटवायचं? मी बाईंना विचारलं, तर त्यांनी वेल्लोरची गोष्ट सांगितली आणि मला नवल वाटलं. पॉल ब्रँड नावाचे सर्जन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांवर उपचार करायचे. बोटं रोगाने आपोआप झडतात अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी पाहिलं की बोटं जातात ती वेदना हरवल्यामुळे. आपण सगळे न कळत पाऊल बदलतो, लंगडतो, खडा काढतो. ज्याला कळत नाही तो त्याच जखमेवर हजारदा पाय टाकतो. ही समज पुढे मधुमेह्याच्या पायालाही लागू पडली. जखमेवरचा भार काढणं हाच निम्मा उपचार. आपल्याकडे मिळणारी एमसीआर रबराची मऊ चप्पल कुष्ठरोग्यांच्या याच कामातून पुढे आली. मी ही गोष्ट अण्णांना सांगितली, आणि मग त्यांनी काठी आणि खाट कबूल केली.

इप्सविचच्या त्या दवाखान्यात एक गृहस्थ भेटायचे, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मला वाटलं पडले असतील. पण ते पडले नव्हते. पाय एकाएकी सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला, दुखणं मात्र फारसं नाही. संवेदना गेलेल्या पायातली हाडं आतल्या आत मोडतात आणि सरकतात, त्याला शार्कोचा पाय म्हणतात. सुरुवातीला एक्स-रेतही काही दिसत नाही. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण अशा पायाला आपल्याकडं "लचकला" म्हणतात आणि लचक काढणाऱ्याकडे नेऊन चोळून घेतात. शुगर असलेल्या माणसाचा पाय गरम आणि सुजलेला असेल, तर चोळू नका, चालवू नका, त्याच दिवशी दाखवा.

अजून कशाला थांबायचं नाही, तेही सांगते. शुगर असणाऱ्याच्या पायावर कोणतीही जखम, फोड, पाणी वाहणारी भेग, काळं पडलेलं बोट. कुणाच्याही पायावर वर चढत जाणारी लाली आणि सोबत ताप. पाय अचानक गार आणि पांढराफटक पडणं. चालताना पोटरी भरून येते, उभं राहिलं की उतरते, पुन्हा चाललं की पुन्हा येते, ही रक्त कमी पोचत असल्याची खूण. बिडी ओढणाऱ्या तरुणांनी ती वयावर जाऊन सोडून देऊ नये. बिडीमुळे ऐन तिशी-पस्तिशीत रक्तवाहिन्या बंद पडून बोटं गेलेली माणसं असतात. आणि रात्री अचानक अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन पांघरूण लागलं तरी सहन होत नसेल, तर तो बहुधा युरिक अ‍ॅसिडचा विकार. तोही दाखवायचाच, पण त्याला गोळ्यांनी आराम पडतो.

रोजच्या तक्रारींना मात्र इतकं घाबरायला नको. पावसाळ्यात खुरपणीला गेलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि बुरशीचं मलम पुरतं लावायचं, खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी सोडायचं नाही. भेगांना वजरी हलक्या हाताने, ब्लेड कधीच नाही. अंघोळीनंतर पाय ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा युरिया असलेलं क्रीम. (हो, शेतात टाकतो तोच युरिया, पण औषधाच्या दर्जाचा आणि मोजून घातलेला, पोत्यातला लावायचा नाही.) क्रीम बेचक्यात नको. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरले की तीच रुततात. कुरपावर मेडिकलमधून आणून लावतात त्या कॉर्न कॅपमध्ये आम्ल असतं. शुगर असेल किंवा पाय बधिर असेल तर ती लावू नका, कारण ती चांगली कातडीही जाळते. बिब्ब्याचंही तेच. आपल्या आज्ज्यांनी बिब्बा वापरला हे खरं, पण ज्याला चटका कळतच नाही त्याच्या पायावर तो कुठवर जाळतो, हे कुणालाच समजत नाही.

गावाकडं पोडियाट्रिस्ट कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. मधुमेहाच्या डॉक्टरांना पायमोजे काढून तळवे दाखवा, त्यांनी विचारलं नाही तरी. जखम असेल तर सर्जन. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं शस्त्रक्रिया विभाग असतो. जखमेवर घट्टा असेल तर "खाली काय आहे ते बघा" असं स्पष्ट म्हणा. मी तेव्हा फोनवरून ते म्हणायला हवं होतं.

चप्पल घालताना आपण विंचवासाठी झटकतोच. आता अण्णा झटकल्यावर आत हातही फिरवतात, खिळा किंवा खडा आहे का बघायला. कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा त्यांचा अठरा वर्षांचा नेम होता. तो मोडताना त्यांचे डोळे भरून आले. मायने त्यांना एसटीत बसवून नेलं, पायात एमसीआर चप्पल, आणि देवळाबाहेर ती काढताना जाड मोजे चढवले.

दर रविवारी मी फोन लावते. अण्णा आधी काही बोलत नाहीत, फोन तळव्यासमोर धरतात. आधी उजवा, मग डावा. माय बेचक्या उघडून दाखवते. मग पाऊस झाला का, सोयाबीन कसंय, हे विषय निघतात.