हात वर होत नसलेल्या वर्गासाठी क्लिकर

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. या नव्या फौजदारी कायद्यांसाठी तेव्हापासून पोलीस ठाण्यांतल्या अंमलदारांचे रिफ्रेशर कोर्स सतत चालू आहेत. यातल्या बहुतेक वर्गांची अडचण सारखीच असते. एकाच हॉलमध्ये शिपाई, हवालदार, फौजदार आणि कधी कधी पहिल्या रांगेत त्यांचेच साहेब बसलेले असतात. प्रशिक्षकाने "समजलं का?" विचारलं की सगळे "होय सर" म्हणतात. साहेबांसमोर चुकीचं उत्तर द्यायची कुणाची तयारी नसते. क्लिकरचा, म्हणजे बटण दाबून उत्तर नोंदवायच्या साधनाचा, खरा उपयोग इथे आहे, कारण बटण दाबणाऱ्याचं नाव पडद्यावर येत नाही.

साधनं तीन प्रकारची. पहिलं, हातात मावणारं रेडिओ क्लिकर. त्याचा रिसीव्हर लॅपटॉपच्या यूएसबीला लागतो. दुसरं, स्वतःच्या मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून मेंटीमीटर किंवा कहूटसारख्या साइटवर उत्तर देणं. तिसरं, प्लिकर्स या अ‍ॅपची नक्षीदार छापील कार्डं: चार बाजूंना ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं आणि प्रशिक्षकाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. नवीन भरतीच्या प्रशिक्षणार्थींना वर्गात मोबाइल वापरता येत नसेल, तर दुसरा पर्याय बादच होतो. तिथे कार्डं उत्तम, खर्चही फक्त छपाईचा. ती चकचकीत लॅमिनेशनमध्ये घालू नयेत. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की कॅमेरा वाचत नाही. बोटं काळ्या नक्षीवर आली तरी तेच होतं. वर्गाच्या मागे उघडी खिडकी असेल तर पडदा ओढून घ्यावा.

रेडिओ क्लिकर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि वायफायही त्याच पट्ट्यात असतं. रिसीव्हर लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये लावला आणि शेजारी हार्ड डिस्क चालू असली, की मागच्या रांगांची मतं गळू लागतात. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून रिसीव्हर टेबलावर उघडा ठेवला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. मोबाइलवर मतदान घ्यायचं असेल तर घरगुती राउटरवर साठ फोन टाकू नका. ज्यांचा डेटा चालतो त्यांना डेटावरच राहू द्या. पडद्यावरचा क्यूआर कोड जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायला हवा, त्याच्या साधारण एक दशांश रुंद लागतो. शेवटची रांग दहा मीटरवर असेल तर मीटरभर. एवढा पडदा नसेल तर कोड कागदावर छापून बाकांवर ठेवावा.

मराठी प्रश्नपत्रिकेचा एक त्रास हमखास होतो. जुन्या नोट्स सुरेख किंवा कृतिदेवसारख्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये असतात. त्यातला मजकूर कॉपी करून साइटवर टाकला की भलत्याच इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, मग जोडाक्षरं आणि कलमांचे आकडे डोळ्यांनी तपासा.

पण तंत्र कितीही नीट लागलं, तरी प्रश्न कच्चा असेल तर सगळं वाया. "झीरो एफआयआर (दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतल्या गुन्ह्याची नोंद) नोंदवता येतो का?" असं विचारलं की जवळपास सगळे बरोबर उत्तर देतात आणि पुढे बोलायला काही उरत नाही. त्यापेक्षा हा प्रश्न पाहा: मंडईत बाईंच्या पिशवीतून पाकीट चोरीला गेलं. पाकीट आणि रोख मिळून किंमत ३,२०० रुपये. चोर कोण ते माहीत नाही. ठाणे अंमलदाराने काय करावं? अ) न्याय संहितेच्या कलम ३०३(२) (चोरी) खाली दखलपात्र गुन्हा. ब) अदखलपात्र म्हणून नोंद. क) कलम ३०४ (हिसकावून चोरी) खाली गुन्हा. ड) चोराचा हा पहिलाच गुन्हा आहे का हे कळेपर्यंत अर्ज ठेवून घ्यायचा.

इथे मतं फुटतात. जुन्या सवयीने 'अ' येतो, कारण चोरी म्हणजे दखलपात्र हे हाडात मुरलेलं असतं. छोट्या चोरीला असलेल्या समाजसेवेच्या शिक्षेत 'पहिल्यांदा दोषी' ही अट आहे एवढंच आठवणारे 'ड' निवडतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत मात्र पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीची ओळ वेगळी आहे आणि ती अदखलपात्र आहे. म्हणून उत्तर 'ब': कलम १७४ प्रमाणे नोंद, आणि तपास करायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. चुकीचे पर्याय असे ठाण्यात प्रत्यक्ष होणाऱ्या चुकांमधूनच घ्यावेत. याच प्रश्नात पाकिटाऐवजी "दोन वर्षांपूर्वी १२ हजारांना घेतलेला मोबाइल" टाकला, तर आजची किंमत कोण ठरवणार हा दुसराच वाद सुरू होतो, आणि कोण कशामुळे चुकलं ते मतांवरून कळत नाही.

सीमेवरचे शब्दही जपून लिहावेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(७) प्रमाणे साठीपुढच्या किंवा दुर्बल व्यक्तीच्या अटकेला पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, ती तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात. प्रश्नात "तीन वर्षांपर्यंत" लिहिलं की उत्तरच बदलतं.

मतदानानंतर काय करायचं, याची चांगली पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात घालून दिली. आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर उत्तर सांगायचं नाही. शेजारी वेगळं मत दिलेला शोधून दोन-तीन मिनिटं वाद घालू द्यायचा, मग पुन्हा मतदान. त्याहून कमी असेल तर मुद्दा पुन्हा शिकवायचा, जास्त असेल तर पुढे जायचं. पोलिसांच्या वर्गात या चर्चेला एक पथ्य हवंच: जोड्या समान हुद्द्याच्या लावाव्यात. हवालदाराची जोडी निरीक्षकाशी लावली की चर्चा होत नाही, आदेश होतो. प्रसंगावरच्या प्रश्नाला वाचायला आणि मत द्यायला ६० ते ९० सेकंद द्यावेत. चर्चेसकट तासाला पाच-सहा प्रश्न पुरेत.

मतदान चालू असताना आलेख झाकून ठेवावा. वाढता खांब दिसला की मागचे त्याच्याच मागे जातात. कहूटमध्ये वेगाला गुण मिळतात. कायद्याच्या प्रश्नात ते बंदच ठेवावेत, नाहीतर अर्धं वाचूनच बटण दाबलं जातं. मोकळ्या उत्तरांचा शब्दमेघ (जास्त वेळा आलेले शब्द मोठे दाखवणारं चित्र) दाखवायचा असेल तर उत्तर आधी तपासून मगच पडद्यावर सोडायची सोय चालू करा, कारण निनावी रकान्यात कुणातरी अधिकाऱ्याचं नाव येऊ शकतं.

आणि खऱ्या गुन्ह्याचा तपशील या साइटवर कधीच टाकू नये: गुन्हा नंबर नको, नाव नको, फोटो नको. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. गाव, तारीख आणि नातं बदलून प्रसंग नव्याने लिहावा.

निकाल जपायचे ते प्रश्नवार, नाववार नाही. क्लिकरचे नंबर हजेरीपटाला जोडून वरिष्ठांकडे पाठवले, तर पुढच्या वर्गात प्रत्येक जण शेजाऱ्याचं बघून मत देईल. कोणत्या प्रश्नावर पहिल्या फेरीत किती टक्के बरोबर होते आणि दुसऱ्या फेरीत किती, एवढा तक्ता पुढच्या बॅचच्या प्रशिक्षकाला पुरतो.