अकरा हजार, दहा हजार

एअर ट्रॅफिक कंट्रोलची नाईट संपवून घरी आले. चहा झाला, पडदे ओढले, पण डोळ्याला डोळा लागेना. शेवटी उठून बसले.

झालं काहीच नाही, हे आधी लिहून ठेवते. उतरणाऱ्या एका विमानाला मी म्हटलं, ‘डिसेंड फ्लाइट लेव्हल वन वन झीरो.’ म्हणजे ११,००० फुटांवर ये. त्याने परत वाचलं, ‘वन झीरो झीरो.’ मी पुढच्या विमानाशी बोलायला बटण दाबणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून दंडाला बोट लागलं. “मॅडम, वन झीरो झीरो म्हणाला तो.” मी लगेच ‘निगेटिव्ह’ म्हणून लेव्हल पुन्हा सांगितली, या वेळी त्याने बरोबर वाचली. विमान तेव्हा १७,००० च्या आसपास होतं, मिनिटाला २,००० फूट उतरत होतं. म्हणजे अकरा हजारावर यायला ३ मिनिटं. समोरून चढत येऊन १०,००० वर थांबणारं दुसरं विमान ३० मैलांवर होतं. तेही साधारण ३ मिनिटांतच समोर आलं असतं. हे गणित घरी येईपर्यंत मी चारदा केलं, चारही वेळा तेच उत्तर.

अंतर तुटलं नाही. अलार्म वाजला नाही. दोन्ही विमानांतली माणसं झोपलेली असतील.

मी लक्ष दिलं नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. लक्ष दिलं होतं. ऐकलंही होतं. मला ‘वन वन झीरो’ ऐकू आलं होतं. आता डोळे मिटले तरी त्याच्या आवाजात तेच ऐकू येतं, स्पष्ट.

हे मनातून जात नाहीये.

सूचना देणं, पायलटने ती परत वाचणं आणि ते वाचलेलं आपण ऐकणं, या तीन पायांवर आमचं काम उभं आहे. दुसरा पाय रीडबॅक, तिसरा हिअरबॅक. काय परत वाचलंच पाहिजे याची यादी ठरलेली आहे: लेव्हल, हेडिंग म्हणजे दिशा, वेग, क्यूएनएच म्हणजे उंचीमापकात भरायचा हवेचा दाब, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरचा चार अंकी कोड, कुठली धावपट्टी, आणि त्या धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, उतरणं, उडणं. तिथे नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. ‘रॉजर’चा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं पोचलं. काय पोचलं हे त्यातून कळत नाही. नवीन मुलांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याच आठवड्यात आणखी एक शिकवतात, ते मात्र मुरायला वर्षं जातात. पायलटने चुकीचं वाचलं आणि कंट्रोलर काही बोलला नाही, तर ते गप्प राहणं म्हणजे होकार. काल रात्री त्या दोन-तीन सेकंदांत मी त्याला दहा हजार देऊन टाकलं होतं. तोंडाने अकरा दिलं आणि गप्प राहून दहा.

११० आणि १०० ही जोडी जगभर बदनाम आहे. इंग्रजीत अंक सुटे म्हटले की ‘वन वन झीरो’ आणि ‘वन झीरो झीरो’ यांच्यात फक्त मधल्या अंकाचा फरक, आणि रेडिओवर मधलाच अंक आधी खाल्ला जातो. शिवाय बऱ्याच ठिकाणी १०,००० फुटांखाली वेग २५० नॉट्सच्या आत ठेवायचा असतो, त्यामुळे उतरणाऱ्या पायलटच्या डोक्यात दहा हजार आधीच येऊन बसलेलं असतं. म्हणून तर नियम आला, की १०० ला ‘वन हंड्रेड’ म्हणायचं, अंक सुटे करायचे नाहीत. थ्रीचं ‘ट्री’, फाइव्हचं ‘फाइफ’, नाइनचं ‘नाइनर’, थाउझंडचं ‘टाउझंड’ हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं, पण त्या प्रत्येक उच्चारामागे कुणाचा तरी ऐकण्यातला घोटाळा आहे. तो ‘हंड्रेड’ म्हणाला असता तर माझ्या कानाला ठेच लागली असती. लागली असती ना? आज मी तेही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

टेनेरिफ, धावपट्टीवर दोन जंबो धडकले ते, सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र सकाळपासून १९८९ सालचं क्वालालंपूर आठवतंय. १९ फेब्रुवारी, फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७, आत ४ जण. कंट्रोलरने सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो.’ त्याला म्हणायचं होतं २,४००. कॉकपिटमध्ये तो ‘टू’ आकडा वाटलाच नाही, ‘पर्यंत’ वाटला. ते समजले, ४०० फुटांपर्यंत खाली ये. उत्तर आलं, ‘ओके, फोर झीरो झीरो.’ कंट्रोलर काही बोलला नाही. विमान डोंगरावर गेलं, चौघेही गेले. जमीन जवळ आल्याचा इशारा कॉकपिटमध्ये वाजत होता, तो त्यांनी मानला नाही. आणखीही चुका झाल्या होत्या, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मी मात्र ‘ओके, फोर झीरो झीरो’पाशी अडते. त्या कंट्रोलरला काय ऐकू आलं असेल? बहुधा जे त्याने सांगितलं होतं तेच. आज फूट सांगताना ‘टू टाउझंड फोर हंड्रेड’ म्हणतात, आणि आकड्याआधी ‘टू’ येऊ नये म्हणून जपतात.

परत वाचलं जात असतं तेव्हा आपला हात रडारच्या पडद्यावरच्या त्या विमानाच्या लेबलमध्ये नवी लेव्हल भरत असतो. डोळे पुढच्या विमानावर गेलेले असतात. शेजारच्या सेक्टरचा फोन लुकलुकत असतो. सूचना देऊन झाली की मन ते काम संपलं असं धरतं, आणि रीडबॅक मागाहून येणारी औपचारिकता होऊन बसते. लेबलवर ११० दिसतंय, ते मीच भरलंय, मग कान डोळ्याला दुजोरा देतो. ऐकून मग लिहायचं, हा साधा क्रम. घाईत तो उलटतो, लिहून मग ऐकलं जातं.

आणि आवाज स्वच्छ असला की हे जास्त होतं. मुंबईहून अरबी समुद्रावरच्या विमानांशी अजूनही एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर, बोलावं लागतं. तिथे खरखर एवढी असते की पायलट आवाज बंद करून ठेवतात, जमिनीवरून सेलकॉलची घंटा वाजवून त्यांना बोलवायचं. आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, एकेक अंक दोनदा विचारला जातो. तिथे माणूस कान टवकारून बसतो, कारण ऐकू येणार नाही हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. जवळच्या पल्ल्याच्या, स्वच्छ व्हीएचएफवर, मध्यरात्री, तुरळक रहदारीत, ओळखीच्या कंपनीचा ओळखीचा आवाज आला, की ऐकणं आपोआप होऊन जातं. काल तसंच होतं. गर्दी असती तर मी सावध असते असं राहून राहून वाटतं.

 

पॅरिसचं २०२२ च्या मे महिन्यातलं प्रकरण तर याहून वाईट. खरं क्यूएनएच १००१, कंट्रोलर बोलून गेला १०११. पायलटने १०११ अगदी बरोबर परत वाचलं. सांगितलं तेच आलं, मग चूक कानाला कुठून कळणार? १० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८० फूट, उंचीमापक तेवढी उंची जास्त दाखवत होतं. पावसात, त्या उंचीमापकाच्या भरवशावर ते विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून ६ फुटांवर आलं आणि मग गो-अराउंड करून वर गेलं. सहा फूट, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याएवढं. आत १७८ माणसं.

पुढच्या महिन्यात माझं मेडिकल आहे. त्यात कान तपासतात: ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त घट नको, ३००० ला ५० पेक्षा जास्त नको. मी पास होईन. दर वेळी होते. इंग्रजीचीही परीक्षा असते, लेव्हल ४ ला दर तीन वर्षांनी, ५ ला सहा वर्षांनी. सगळं मोजतात. सांगितलेलंच ऐकू येण्याची ही खोड मात्र कुठल्याच यंत्रात सापडत नाही. पहाटे गाडीत बसल्यावर रडू आलं. इतकी वर्षं ज्या कानावर पोट भरलं, तोच आपल्याशी खोटं बोलला आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, या विचाराने एकदम फार एकटं वाटलं. विमान सुखरूप उतरलं की आम्ही कुणाला आठवत नाही, आणि काही झालं की पहिला प्रश्न, कंट्रोलर काय करत होता?

चरखी दादरीला हेच झालं. १२ नोव्हेंबर १९९६. सौदीचं ७४७ दिल्लीहून निघून १४,००० वर, कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीकडे येताना १५,००० वर, हवेतला रस्ता एकच. तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. उंची फक्त पायलटच्या तोंडून कळायची. कंट्रोलरने समोरून विमान येतंय हे कझाकला सांगितलं होतं. कझाक मात्र १५,००० च्या खाली उतरलं. दोन्ही विमानं धडकली, ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष कझाक वैमानिकांचा ठरला. त्यांचा रेडिओवाला वेगळा बसत असे, उंची बघायची तर पायलटांच्या खांद्यावरून वाकून. त्यानंतर उंची दाखवणारं रडार आलं, येण्याजाण्याचे रस्ते वेगळे झाले, विमानांत टीकॅस, म्हणजे टक्कर होऊ घातली तर पायलटला वर जा किंवा खाली जा सांगणारं यंत्र, सक्तीचं झालं.

इथपर्यंत लिहिलं आणि जरा हलकं वाटलं. का ते आत्ता कळतंय.

एकट्या कानावर कुणीच भरवसा ठेवलेला नाही. सकाळी हे बोचत होतं, आता त्यातच धीर वाटतोय. मी चुकीचं ऐकेन हे धरूनच सगळं रचलेलं आहे. दोन विमानं एकमेकांकडे येऊ लागली की पडद्यावर लेबलं रंग बदलतात. मोड एसवाल्या रडारवर पायलटने यंत्रात कुठली लेव्हल भरली तेही दिसतं. त्यातून सुटलं तर टीकॅस आहे, तो ‘क्लाइंब’ म्हणाला तर पायलटने चढायचं, माझं ऐकायचं नाही. पायलट ‘टीकॅस आरए’, म्हणजे टीकॅसने आदेश दिलाय, असं म्हणाला की मी ‘रॉजर’ म्हणून तोंड मिटायचं. आणि या सगळ्याच्या आधी शेजारची खुर्ची.

१ जुलै २००२ च्या रात्री झुरिकला शेजारची खुर्ची रिकामी होती. दुसरा कंट्रोलर विश्रांतीला गेला होता, रात्री तशी पद्धतच पडली होती. एकटा माणूस दोन पडदे सांभाळत होता, दुरुस्तीसाठी मुख्य फोन बंद, पडद्यावर इशारा देणारी सोयही बंद. उशिरा आलेल्या तिसऱ्याच विमानासाठी तो शेजारच्या विमानतळाला फोन लावत राहिला, लागेना. इकडे टुपोलेव्हला त्याने ‘खाली ये’ सांगितलं, टीकॅस ‘वर जा’ सांगत होता. ते खाली आलं आणि दुसऱ्या एका विमानाला धडकलं. ७१ जण गेले, त्यात कितीतरी शाळकरी मुलं. २००४ मध्ये त्या कंट्रोलरलाही, त्या अपघातात बायकोमुलं गमावलेल्या एका बापाने त्याच्या दारात मारलं. त्या रात्री त्याच्या दंडाला कुणाचं बोट लागलं असतं तर, एवढंच मनात येतं, पुढे विचार करवत नाही.

माझ्या शेजारी खुर्ची होती. तीत बसलेला पोरगा नवा आहे, अजून स्वतंत्र रेटिंग नाही. सीनियर बाईच्या दंडाला बोट लावायला त्याला क्षणभर तरी धाकधूक वाटली असेल. त्याने वाट पाहिली नाही. मी नंतर “बरं झालं सांगितलंस” एवढंच म्हणाले, तेही पडद्याकडे बघत. त्याला नीट सांगायला हवं होतं. परवा सांगते.

सुपरवायझरला रात्रीच सांगितलंय, तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. ते म्हणाले, “दुरुस्त केलंत ना, मग झालं.” झालं, पण नोंद राहू दे. त्याच पायलटच्या तोंडी पुन्हा ‘हंड्रेड’ऐवजी ‘झीरो झीरो’ येईल, आणि तेव्हा शेजारी कोण असेल कुणास ठाऊक.

फ्रीक्वेन्सीवरचं बोलणं कमीत कमी ३० दिवस जपून ठेवतात. उद्या ऑफ आहे. परवा मॉर्निंगला अर्धा तास आधी जाऊन ती टेप मागेन. तो काय म्हणाला हे पुन्हा ऐकायचंय. भीती एकच आहे, की त्यातही मला ‘वन वन झीरो’च ऐकू येईल. म्हणून त्या पोराला शेजारी घेऊन बसणार आहे, एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या.