माझा अनुभव: परमिटवरच्या एका नावापायी पाच आठवडे

आफ्रिकेत शिकार करून तिची कातडी-शिंगं अमेरिकेत आणायचं नक्की झालं की पहिला फोन कस्टम्स ब्रोकरला, म्हणजे बाहेरून आलेला माल कागदपत्रं करून सोडवून देणाऱ्याला, करा. मी तो शिकार करून परतल्यावर केला, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

जूनमध्ये नामिबियात कुडू आणि ऑरिक्स (दोन्ही हरणासारखे प्राणी) आणि हार्टमनचा डोंगरी झेब्रा मिळाला. पहिल्या दोघांना सायटीस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परमिट लागत नाही. हा झेब्रा मात्र त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याला तिकडचं निर्यात परमिट हवंच. आणि घोळ नेमका तिथे झाला. माझ्या भारतीय पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचं नाव आहे, आपल्याकडे बऱ्याच जणांचं असतं तसं. तिकडच्या एजंटने तेच आडनाव समजून परमिट काढलं. ह्यूस्टनच्या ब्रोकरबाईंनी स्कॅन बघितला आणि लगेच फोन केला, "माल विमानात चढू देऊ नका. इथे इन्स्पेक्टर परमिट आणि 3-177 फॉर्म (वन्यजीव माल आणताना अमेरिकेत भरायचं घोषणापत्र) शेजारी ठेवून बघतो. नाव जुळलं नाही तर जप्तीसुद्धा होऊ शकते."

नवं परमिट मागितलं. एजंटचं उत्तर, सोमवारी बघतो. असे पाच सोमवार गेले! नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकला, सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात ह्यूस्टनला रात्रीचा एक, त्यामुळे रोज मध्यरात्री फोन. एकदा तर सुधारलेलं परमिट आलं आणि त्यात पत्ता जुना. चूक त्यांची, जागरण माझं. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून बुकिंगच्या दिवशीच पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्यातलं आडनाव कुठलं आणि आत्ताचा पत्ता लेखी द्या. परमिट सहा महिनेच चालतं, तेव्हा कातडी धुऊन-पॅक होण्याआधी घाईने काढू नका. माल निघताना तिकडच्या अधिकाऱ्याचा शिक्का आणि नगांची संख्या परमिटवर पडली का, त्याचा फोटो मागवा.

माल उतरल्यावर दोन दिवसांत सुटला. स्वतःचा माल स्वतः सोडवायला कायद्याची आडकाठी नाही, पण बाईंची फी मी आनंदाने दिली. त्यांच्याआधी ज्याला विचारलं तो मशीनचे पार्ट सोडवणारा, त्याला 3-177 माहीतच नव्हता. ब्रोकरला आधी तेवढंच विचारा.

आणि हो, वॉर्टहॉग (आफ्रिकेतलं रानडुक्कर) मारणार असाल तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगामुळे त्याचे नियम वेगळे आहेत. माल कुठल्या मान्यताप्राप्त टॅक्सिडर्मिस्टकडे (कातडीत पेंढा भरून प्राणी उभा करणाऱ्याकडे) जाणार, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा.