रोजनिशी : लिलीबाई आणि तीन पेडल

सोमवार

टेक्सासच्या ट्रकचालक लिली ड्रेनन यांच्याविषयी जे काही वाचायला मिळतं त्यात टोपी आणि रिव्हॉल्व्हर आधी येतं. खाकी पॅण्ट, जाडजूड बूट, काउबॉय टोपी, जवळ भरलेलं हत्यार आणि तोंडात अस्सल शिव्या. चित्र झकास आहे, पण टोपीने ट्रक चढावर जात नाही. मला त्यांचा डावा पाय जास्त महत्त्वाचा वाटतो.

हेम्पस्टेड हे टेक्सासमधलं छोटं गाव, ह्यूस्टनच्या वायव्येला साधारण ८० किलोमीटर. तिथे १९२८ साली लिलीबाई आणि त्यांच्या नवऱ्याने मालवाहतूक सुरू केली. लिलीबाईंचा पहिला ट्रक उघड्या केबिनचा, फोर्डच्या मॉडेल टीचा. दरवाजा नाही, काच खाली-वर करायची सोय नाही, पाऊस थेट मांडीवर.

या गाडीत आजचा ड्रायव्हर बसवला तर तो पहिल्या मिनिटात गोंधळेल. तीन पेडल आहेत, पण अ‍ॅक्सिलरेटर त्यांत नाहीच. तो स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला दांडीसारखा. डाव्या हाताच्या दांडीने ठिणगी आधी पडावी की उशिरा ते ठरतं. उजवं पेडल ब्रेकचं, मधलं रिव्हर्सचं. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्ध्यावर धरलं की न्यूट्रल, आणि हॅण्डब्रेकची दांडी पुढे ढकलून पेडल सोडलं की हाय. झाले गिअर.

आता गंमत अशी की लो गिअर अडकून राहत नाही. पाय दाबलेला आहे तोवरच लो. मागे माल भरलेला, समोर चढ, आणि चढ संपेपर्यंत डावा पाय ताठ दाबून धरायचा. थोडा ढिला पडला की आतला पट्टा ड्रमवर घसरतो, घसरला की तापतो, तापला की त्याचं कापडी अस्तर जळतं. असे तीन पट्टे : लो, रिव्हर्स, ब्रेक. लोचा पट्टा बाहेरच्या बोल्टने आवळता येतो, बाकी दोघांसाठी पेटीचं झाकण काढावं लागतं. नट आत पडला तर तो शोधण्यात दुपार जाते. ब्रेकचा पट्टा संपला की जुने लोक रिव्हर्सचं पेडल हळूहळू दाबून गाडी थांबवायचे. ही युक्ती चालते, पण मग रिव्हर्सही लवकर संपतो.

इंजिन सुरू करायला हॅण्डल मारण्याचं तर वेगळंच शास्त्र. आधी ठिणगीची दांडी वरपर्यंत, म्हणजे ठिणगी उशिरा. हे विसरलं तर इंजिन उलटं फिरून हॅण्डल मनगटावर येतं, आणि त्या काळात असे हात सर्रास मोडत. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ पूर्ण वळवायची नाही. हॅण्डल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. आणि थंडीत आणखी एक धोका : तेल घट्ट झालेलं असलं की क्लच न्यूट्रलमध्येही थोडा धरतो, इंजिन सुरू झाल्याबरोबर गाडी हॅण्डल मारणाऱ्याच्याच अंगावर सरकते. म्हणून हॅण्डब्रेक ओढलेला असला तरी चाकाला दगड हवाच.

पेट्रोलची टाकी सीटखाली. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरतं. टाकी अर्धी असताना तीव्र चढ लागला की पुढचं तोंड वर, कार्ब्युरेटर टाकीपेक्षा उंच, इंजिन गप्प. उपाय एकच, गाडी वळवून रिव्हर्सने चढ चढणं. किती पेट्रोल उरलंय ते बघायला सीट उचलायची आणि लाकडी पट्टी बुडवायची.

मंगळवार

१९२९. त्याच वर्षी घटस्फोट झाला आणि धंदा एकट्या लिलीबाईंच्या नावावर आला. त्याच वर्षी टेक्सासने भाड्याने माल वाहणारे ट्रक रेलरोड कमिशनच्या अखत्यारीत आणले. नाव रेल्वेचं, काम ट्रकचं. ही संस्था १८९१ पासून रेल्वेचे दर बघायची, मग तेलाच्या पाइपलाइनी तिच्याकडे आल्या, मग ट्रक.

लायसन्स द्यायला अधिकारी कचरले. उघड कारण कानाचं. लहानपणी स्कार्लेट फिव्हर नावाच्या तापाने लिलीबाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं. त्यांनी आपला अपघातांचा हिशोब पुढे केला : एखाद्या पुरुषाचा याहून बरा असेल तर धंदाच सोडते. लायसन्स मिळालं. त्या अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक परवानाधारक ट्रकचालक बाई मानल्या जातात. (विस्कॉन्सिनच्या लुएला बेट्स १९१८ पासून एका कारखान्याचे ट्रक चाचणीला चालवत. त्याही लिलीबाईंसारख्याच १८९७ च्या जन्मलेल्या, पण त्यांचं काम वेगळं.)

कानाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हे मान्य करायला हवं. त्या वेळच्या ट्रकच्या गिअरपेट्यांत सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर बदलताना दातांचा वेग आपोआप जुळवणारा भाग, नसे. मॉडेल टीला त्याची गरजच नव्हती, पण पुढे सरकत्या दातांची गिअरपेटी आली की डबल क्लच आला. खालचा गिअर घेताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनचे फेरे वाढवा, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर. फेरे किती वाढवायचे हे बहुतेक जण कानाने ठरवतात. कान साथ देत नसेल तर गिअरच्या दांड्याची थरथर तळहातावर येते, इंजिनचा कंप सीटमधून आणि पायाखालच्या फळीतून येतो. लिलीबाई नेमकं काय करत हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण दुसरा मार्गही नाही. टायर बसलाय, एखादी साखळी सैल झालीय, हेही आवाजाने कळतं. ज्याला ते ऐकू येत नाही तो वारंवार थांबतो आणि हाताने चाचपतो. माझ्या मते चांगल्या रेकॉर्डचं गुपित इथेच असावं.

गुरुवार

माल काय होता? तेलविहिरींचं सामान, थंड पेयांच्या बाटल्या, किरकोळ काहीही. बाटल्यांच्या लाकडी पेट्या केबिनच्या भिंतीला टेकवून, मध्ये फट न ठेवता रचायच्या. चार बोटं फट राहिली तरी प्रत्येक ब्रेकला पेट्या एकमेकींवर आदळतात. तेलविहिरींच्या लोखंडी नळांचं उलट : ते फुटत नाहीत, पुढे घुसतात. म्हणून दोन्ही बाजूंना खुंट, वरून साखळी, आणि निघाल्यावर काही किलोमीटरांत एकदा थांबून साखळी पुन्हा आवळणं. गोल नळ हादऱ्यांनी एकमेकांत बसत जातात आणि सुरुवातीला ताठ असलेली साखळी लोंबू लागते.

१९३१ च्या कायद्याने टेक्सासच्या हमरस्त्यांवर ट्रकमधल्या मालाला ७,००० पौंडांची मर्यादा घातली, म्हणजे ३,१७५ किलो. साडेचार इंची ड्रिल पाइप फुटाला साधारण साडेसोळा पौंड भरतो, ३० फुटी नळ जवळजवळ ५०० पौंडांचा. एका खेपेला चौदा नळ, बस्स. पण माल जवळच्या रेल्वेस्थानकापर्यंत न्यायचा असेल तर १४,००० पौंड चालत. रस्ता तोच, डांबर तेच, रेल्वेकडे जाणाऱ्या ट्रकने तो कमी झिजतो की काय! कारणं रस्त्यांची दिली होती, फायदा कोणाचा ते उघड होतं. ट्रकवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९३२ मध्ये हरले. खेपा वाढल्या. अशा वर्षांत एकटीने कंपनी चालवणं हे मला रिव्हॉल्व्हरपेक्षा मोठं वाटतं.

पावसात ब्राझोस नदीकाठची चिकणमाती हा वेगळा विषय. मागची चाकं फिरू लागली की जास्त गॅस द्यायचा नाही, चाक स्वतःचीच कबर खणतं. थांबायचं, जॅकखाली रुंद फळी घालायची (नाहीतर ट्रक वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो), चाक उचलून खाली फांद्या किंवा फळ्या सारायच्या, मग लो गिअरवर सावकाश.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या क्वार्टरमास्टर कोअरने, म्हणजे रसद पुरवणाऱ्या विभागाने, बायकांना ट्रकवर आणण्यासाठी त्यांची मदत मागितली. तोवर रबराची इतकी टंचाई होती की देशभर वेग ताशी ३५ मैलांवर बांधला होता. मॉडेल टीवर शिकलेल्या बाईला ३५ म्हणजे चैनच.

साधारण २४ वर्षं धंदा करून १९५२ मध्ये त्यांनी कंपनी विकली. १९७४ च्या सप्टेंबरात, ७६ व्या वर्षी, हेम्पस्टेडलाच गेल्या. तोपर्यंत मोटारींचे गिअर आपोआप पडू लागले होते. अमेरिकेतल्या बहुतेक अवजड ट्रकांच्या गिअरपेट्यांत मात्र अजून सिंक्रोनायझर नव्हता, आणि नव्या पोराला पहिल्या दिवशी डबल क्लचच शिकवावा लागत होता.